टू पिंप अ बटरफ्लायनं हिप हॉपची हद्द खरंच वाढवली का? सॅक्सोफोन बाजूला ठेवून उत्तर देतो

प्रश्न असा आलाय की अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा २०१५चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' हा खरंच हिप हॉपची हद्द पुढे ढकलणारा अल्बम आहे, की जॅझ आणि फंक ओतून क्रिटिक मंडळींना खूश करणारा. विचारणाऱ्याचा मित्र म्हणतो असलं काही आधी झालंच नव्हतं, आणि विचारणाऱ्याचं म्हणणं, हे ट्राइबवाल्यांनी (अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा रॅप ग्रुप) १९९१लाच करून ठेवलंय की. मी बीट बनवतो, आणि घर चालवायला रॅपर पोरांचे व्होकल मिक्स करतो, त्यामुळे जे सांगतोय ते कानाच्या हिशोबानं सांगतोय. हद्द वाढवली, नक्की वाढवली. पण लोक ज्या जागी टाळ्या वाजवतात ती जागा चुकीची आहे.

आधी जॅझचं निकालात काढू, कारण नव्वद टक्के भांडण तिथेच अडकतं. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 'द लो एंड थिअरी' या त्याच १९९१च्या अल्बमवर रॉन कार्टर स्वतः येऊन डबल बास वाजवून गेलाय, म्हणजे साठच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमध्ये वाजवणारा माणूस. १९९३ला गुरू नावाच्या रॅपरनं 'जॅझमॅटॅझ' काढला, त्यात डोनाल्ड बर्ड आणि रॉय एअर्स प्रत्यक्ष वाजवतायत. १९९५मध्ये द रूट्स हा रॅप ग्रुप सॅम्पलर (जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलून वाजवायचं यंत्र) बाजूला ठेवून आख्खा बँड घेऊन बसले. तेव्हा 'रॅपखाली खरी वाद्यं' हा मुद्दा २०१५ येईपर्यंत जुना होऊन वीस वर्षं उलटली होती, इथे तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या मित्राचं चूक.

पण इथे थांबून 'मग यात नवीन काहीच नाही' म्हणणं पण घाईचं. हे वाजवणारे लोक कोण आहेत ते बघा. टेरेस मार्टिन, थंडरकॅट, कमासी वॉशिंग्टन, ही सगळी साउथ लॉस एंजेलिसची पोरं, रेजी अँड्र्यूज नावाच्या शाळामास्तराच्या जॅझ बँडमधून तयार झालेली, आणि पुढे यांनी रॅपर स्नूप डॉगच्या बँडमध्ये वाजवून पोट भरलंय. म्हणजे दिवसा जॅझवाला कोल्ट्रेन आणि रात्री स्नूप. त्यांच्यासाठी जॅझ ही बाहेरून मागवायची गोष्ट नव्हतीच, एकाच गल्लीतली दोन घरं होती ती. रॉबर्ट ग्लॅस्परचं तर अजून मजेशीर आहे, तो ह्यूस्टनचा, जॅझ पियानिस्ट, पण त्यानं २००७च्या त्याच्या अल्बमवर जे डिलाच्या बीट्सवर आख्खा एक पीस केलाय. डिला म्हणजे डेट्रॉइटचा बीटमेकर, ज्यानं एमपीसी या बीट बनवायच्या मशीनवर क्वांटाइझ (ठोके आपोआप मापात, म्हणजे ग्रिडवर, बसवणारी सोय) बंद ठेवून, किंवा काही आवाज ग्रिडवर आणि काही मुद्दाम थोडे मागेपुढे ठेवून, असा काही डुलणारा ठेका काढला की नंतर चांगले चांगले ड्रमर ते हातानं वाजवायला शिकत बसले, गायक डीअँजेलोचा २०००चा 'वूडू' ऐका, द रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह तिथे मुद्दाम मशीनसारखं लडखडत वाजवतोय. आता यातून काय निघतं बघा, की बटरफ्लायवर जो जॅझ आहे तो हिप हॉपकडून ताल शिकून आलेल्या लोकांनी वाजवलेला जॅझ आहे. 'हिप हॉपनं जॅझकडून उसनं घेतलं' हे वाक्य त्यामुळे निम्मं तरी उलटं आहे. उसनवारी दोन्हीकडून झालेली आहे आणि व्याज कुणी कुणाला द्यायचं हे आता सांगता येत नाही.

'फॉर फ्री?' हा बटरफ्लायवरचा इंटरल्यूड लोक नेहमी पुराव्यादाखल पुढे करतात. दोन-सव्वादोन मिनिटांचा तुकडा, ग्लॅस्परचा पियानो सुसाट, ड्रम्स स्विंगवर, आणि केंड्रिक त्यावर शब्द फेकतोय जसा एखादा हॉर्नवाला, म्हणजे सॅक्सोफोन-ट्रम्पेट वाजवणारा, सोलो घेतो. जबरदस्तच आहे, वाद नाही. पण लॉस एंजेलिसमध्येच लीमर्ट पार्कच्या जवळ गुड लाइफ कॅफे म्हणून एक हेल्थ फूडचं दुकान होतं, नव्वदच्या सुरुवातीला तिथे ओपन माइक चालायचा, शिवी दिलेली चालायची नाही असा नियम, आणि रॅपर ढिला पडला की पब्लिकच ओरडायचं, माइक पुढे द्या. त्या दुकानातून फ्रीस्टाइल फेलोशिप हा रॅप ग्रुप निघाला, त्यांचा १९९३चा 'इनर सिटी ग्रिऑट्स' काढून ऐका, मायका नाइन तिथे ट्रम्पेटसारखा रॅप करतो, शब्द अर्धे गिळून, बीटच्या पुढे पळून, परत मागे येऊन. केंड्रिक लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा, तो ह्या वारशाच्या बाहेरचा नाही. फरक एवढाच की फेलोशिपला ऐकणारे मूठभर होते आणि केंड्रिकनं तेच काम मोठ्या लेबलच्या, नंबर एकवर गेलेल्या अल्बमवर केलं. ते धाडस म्हणून मी मानतो, शोध म्हणून नाही.

मग नवीन काय? माझ्या दृष्टीनं दोन गोष्टी, आणि दोन्हींचा वाद्यांशी फार संबंध नाही.

पहिली म्हणजे आवाज. 'यू' हे गाणं हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको. रॅप व्होकल आमच्याकडे मिक्सला आला की आम्ही पहिलं काम काय करतो, तर श्वास कापतो, तोंडाचे चटचट आवाज काढतो, स साफ करतो, कॉम्प्रेसर लावून सगळं एका लेव्हलला आणतो, कारण रॅपर म्हणजे कंट्रोल, रॅपर कधी हरत नाही, हा या प्रकाराचा पहिल्या दिवसापासूनचा न लिहिलेला करार आहे. बॅटल असो, ब्रॅग असो, अगदी दुःखाचं गाणं असलं तरी आवाज ताठ पाहिजे. 'यू'मध्ये पहिल्या भागात तो एकच ओळ परत परत किंचाळतो, मग हॉटेलच्या खोलीचं दार वाजतं, हाउसकीपिंगवाली बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणते, आणि त्यानंतर बीटच बदलतो आणि जो माणूस बोलायला लागतो तो प्यायलेला, रडवेला, नाक ओढत, शब्द घसरत बोलणारा. आणि गंमत अशी की तो त्या अवस्थेत पण बीटवर आहे. हुंदका कुठे येतो बघा, नेमका जिथे रॅपर श्वास घेईल तिथे. म्हणजे जो कचरा आम्ही एडिटमध्ये फेकून देतो त्याचाच त्यानं ठेका केलाय. मी हे एका पोराला शिकवायला लूप करून ऐकवलं होतं, त्यानं पहिला प्रश्न विचारला की दादा हा टेक एका दमात घेतला असेल का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. आधी रॅपमध्ये लोक रडले नाहीत असं नाही. पण कमकुवतपणाचा विषय असणं वेगळं आणि कमकुवतपणानंच फ्लो घडवणं वेगळं, आणि हे दुसरं माझ्या ऐकण्यात त्याआधी इतक्या निकरानं कुणी केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. अल्बमभर एक कविता फिरते. गाणं संपतं, संगीत बाजूला होतं आणि तो साध्या आवाजात सुरुवातीच्या ओळी म्हणतो, पुढच्या वेळी त्याच ओळी आणि वर अजून एक-दोन, मग परत त्याच आणि अजून थोड्या. आपल्याकडे कीर्तनात बुवा मूळ अभंगाच्या चरणाला धरून निरूपण करत जातात, लांब भटकून आले की परत त्याच चरणावर येतात, तसं काहीसं, फक्त इथे चरण दरवेळी वाढत जातो. कन्सेप्ट अल्बम हा प्रकार रॅपला नवीन नव्हता हेही सांगून टाकतो, प्रिन्स पॉलनं १९९९ला आख्खी गोष्ट रचली होती, द रूट्सनी २०११ला 'अनडन'मध्ये उलटी सांगितली, आणि केंड्रिकचा स्वतःचा २०१२चा अल्बम तर सिनेमासारखाच आहे. त्यामुळे 'सलग गोष्ट आहे' एवढ्यावर मार्क देऊ नका.

मार्क शेवटच्या गाण्याला द्या. 'मॉर्टल मॅन' बारा मिनिटांचं आहे. गाणं संपल्यावर तो कविता पहिल्यांदाच पूर्ण म्हणतो, आणि मग कळतं की इतका वेळ हा आपल्याला ऐकवत नव्हता, समोर बसलेल्या कुणालातरी वाचून दाखवत होता. आणि समोरून टुपॅक बोलायला लागतो. टुपॅक शाकूर १९९६मध्ये गोळ्या लागून गेला. जो आवाज येतो तो त्यानं १९९४मध्ये एका स्वीडिश रेडिओ पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीतला आहे, पत्रकाराचे प्रश्न काढून तिथे केंड्रिकनं स्वतःचे प्रश्न बसवलेत. हे ऐकताना माझ्या डोक्यातला बीटमेकर जागा झाला, कारण हे सॅम्पलिंग आहे हो! हिप हॉपचं मूळ हत्यार. मेलेल्या, विसरलेल्या रेकॉर्डमधून दोन बार (तालाची दोन आवर्तनं) उचलायचे आणि त्याला आज जिवंत करायचं, ब्राँक्समधल्या पार्ट्यांपासून हेच चालू आहे. जेम्स ब्राउनचा ड्रम ब्रेक, कुणाची हॉर्नची फोडणी, कुणाची किंकाळी. टुपॅकचा आवाजसुद्धा कितीतरी जणांनी आधी वापरला होता, हुकला म्हणजे ध्रुवपदाला, इंट्रोला, शपथ घेतल्यासारखा. पण सॅम्पलशी बोलायला बसणं, त्याला प्रश्न विचारणं, त्याचं उत्तर ऐकून पुढचा प्रश्न काढणं, आणि शेवटी सुरवंट आणि फुलपाखराचं लिहिलेलं वाचून दाखवून 'तुला काय वाटतं' विचारल्यावर समोरून काहीच न येणं. टेप संपली. तो हाका मारतो, पॅक, पॅक, आणि अल्बम संपतो.

मी याला हद्द वाढवणं म्हणतो कारण इथे बाहेरून काही आणलेलं नाही. आपल्याच हत्याराला ते जिथे तुटतं तिथपर्यंत नेलंय. सॅम्पलर मेलेल्याचा आवाज देऊ शकतो, उत्तर नाही देऊ शकत, आणि या एका मर्यादेवर त्यानं एकोणऐंशी मिनिटांचा अल्बम उभा केला. सॅक्सोफोन काढून टाका, थंडरकॅटचा बास काढून टाका, साध्या बूम बॅपवर, म्हणजे जुन्या वळणाच्या ड्रम बीटवर, हाच अल्बम केला असता तरी हा भाग तसाच नवा राहिला असता. कुठल्याही 'एक्स्पेरिमेंटल' अल्बमला मी हीच परीक्षा लावतो, पाहुणी वाद्यं काढल्यावर मागे काय उरतं.

'आय'चं पण थोडं याच रांगेत येतं. ते गाणं २०१४च्या सप्टेंबरमध्ये सिंगल म्हणून आलं, आयस्ली ब्रदर्सच्या जुन्या गाण्यावर बांधलेलं, स्वतःवर प्रेम करा वगैरे, दोन ग्रॅमी पण घेऊन बसलं. निम्म्या जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली की हा पॉप झाला. मग अल्बम आला आणि त्यात तेच गाणं स्टेजवर चालू असल्यासारखं आहे, आवाज खडबडीत, मध्येच पब्लिकमध्ये मारामारी होते आणि तो गाणं थांबवून लोकांना समजवायला लागतो. हिट झालेलं गाणं अल्बमवर मोडून टाकणं! लेबलच्या मीटिंगमध्ये हे कसं पटवलं असेल देव जाणे.

आता खरी अडचण. हद्द वाढवली म्हणायचं तर मागून कुणी गेलं का त्या वाढलेल्या जागेत? इथे मित्राच्या बाजूची मंडळी गप्प होतात. २०१५ला रॅप खरोखर जिकडे वळला तो रस्ता अटलांटाचा होता. एप्रिलमध्ये यंग थगचा 'बार्टर सिक्स', जुलैमध्ये फ्यूचरचा 'डीएस टू'. शब्द कळो न कळो, आवाजच वाद्य, ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) म्हणजे चूक झाकायचं फडकं नसून गिटारचं पेडल असल्यासारखं वापरलेलं, हाय हॅटचे तीन-तीन ठोक्यांचे गुच्छ. पुढची पाच-सात वर्षं जगभर, आणि हो, पुण्या-मुंबईच्या बेडरूम स्टुडिओतसुद्धा, पोरं जे करत होती ते यांचं होतं, केंड्रिकचं नव्हतं. माझ्याकडे येणारे प्रोजेक्ट उघडले की ऑटोट्यूनचं प्लगइन आधीच लावलेलं असतं, बास क्लॅरिनेट घेऊन अजून कुणी आलेलं नाही. याच्याही आधीचं उदाहरण रॅपर कान्ये वेस्टचा २००८चा '८०८ज अँड हार्टब्रेक', तेव्हा लोक म्हणाले हा रॅप अल्बमच नाही, आणि वर्षभरात ड्रेक आणि किड कडी त्याच ओल्या जमिनीत घर बांधून मोकळे.

गंमत म्हणजे केंड्रिक स्वतः पण तिथे राहिला नाही. २०१६ला त्या सेशन्सचे उरलेले तुकडे काढले, आणि २०१७चा 'डॅम' आला तो मोठ्या प्रमाणात ८०८ (ड्रम मशीनचा दणकट बास) आणि माइक विल मेड इट या प्रोड्युसरच्या बीट्सवर. आणि पुलित्झर मिळालं ते त्या 'डॅम'ला, २०१८मध्ये, जॅझ आणि क्लासिकल सोडून दुसऱ्या कुठल्या संगीताला पहिल्यांदाच. म्हणजे संस्थांची घड्याळं नेहमी एक अल्बम मागे असतात.

बटरफ्लायची वाट बाहेरच्या बाजूला जास्त फुटली. कमासीचा 'द एपिक' दोन महिन्यांत आला, तीन डिस्कचा जॅझ अल्बम, आणि जो तरुण पब्लिक जॅझच्या वाटेला जात नव्हता तो ते ऐकायला लागला. रॉक गायक डेव्हिड बोवीच्या शेवटच्या 'ब्लॅकस्टार' अल्बमच्या वेळी बोवी आणि त्याची मंडळी केंड्रिक ऐकत होती असं त्याच्या प्रोड्युसरनं, टोनी व्हिस्कॉन्टीनं सांगितलेलं आहे. थोडक्यात हिप हॉपच्या आतल्यांनी 'वा' म्हणून मान हलवली आणि शेजाऱ्यांनी उचलून नेलं.

म्हणून मी 'हद्द वाढवणं' आणि 'रस्ता पाडणं' यात फरक करतो. फ्यूचरनं रस्ता पाडला. केंड्रिकनं एक जागा दाखवली जिथे दुसऱ्या कुणाला जाणं अवघड आहे, कारण त्याला तशी लेखणी, तसा आवाज, ते कॉम्प्टनचं बालपण आणि तो बँड, सगळं एकत्र लागतं. लोकांनी मागून जावं ही अट मी घालत नाही. पण लोक मागून गेले असं खोटं पण कुणी सांगू नये.

आणि अल्बममधल्या 'ऑलराइट' गाण्याचा मुद्दा हमखास येतो, की २०१५च्या जुलैत क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या बाहेर आंदोलकांनी पोलिसांसमोर त्या गाण्याचा हुक घोषणेसारखा म्हटला. खरं आहे, आणि फार मोठी गोष्ट आहे. पण ती समाजात गाण्यानं मिळवलेली जागा आहे. प्रोड्युसर फॅरेलचा बीट, चार शब्दांचा हुक, रचनेच्या बाजूनं अल्बममधलं सगळ्यात सरळ गाणं तेच आहे, आणि म्हणूनच गर्दीला म्हणता आलं.

तक्रारी पण आहेत, भक्तांनी रागावू नये. अल्बम लांब आहे, मध्ये 'फॉर सेल?'नंतर माझा हात एक-दोनदा पुढच्या गाण्याकडे जातो. सुरवंट-फुलपाखराचा अर्थ शेवटी इतका उलगडून सांगितलाय की ऐकणाऱ्याला काम उरत नाही, त्या जागी अर्ध्यानं कमी बोलला असता तर ती शेवटची शांतता अजून लागली असती. आणि मिक्समध्ये लो-मिड, म्हणजे खर्ज आणि मधल्या पट्टीच्या मधला भाग, खूप भरलेला आहे, थंडरकॅटचा सहा तारांचा बास जिथे गातो तिथेच व्होकलची छाती असते, आणि साध्या इअरफोनवर काही ठिकाणी ते एकमेकांच्या अंगावर पडतात. हे मुद्दाम असेल, गर्दीचा फील म्हणून, पण मला धंद्याच्या सवयीनं खटकतं.

आपल्याकडचं एक सांगतो कारण हा प्रश्न इथेही रोज येतो. ट्रॅप बीटवर (तोच अटलांटाच्या वळणाचा) संबळ नाहीतर हलगी चिकटवली की खाली कमेंट पडतात, बाउंड्री तोडली भावा. नाही तोडली. चांगलं वाजत असेल, लग्नात धिंगाणा होईल, छान आहे. पण रॅपर पहिल्यासारखाच सोळा बार म्हणतोय, संबळ फक्त हाय हॅटच्या खुर्चीवर येऊन बसलाय. त्याच्यासमोर मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपचं २०१९चं 'द वारली रिवोल्ट' ठेवा. मुंबईच्या आरे जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात, आणि त्यांचं गाणं सॅम्पल म्हणून सजावटीला नाहीये, रॅपर त्यांच्या बाजूला उभे राहून त्याच जमिनीबद्दल बोलतायत. तिथे गाणाऱ्याला काढलं तर गाणंच कोसळतं. बटरफ्लायशी याची तुलना करत नाहीये, पण परीक्षा तीच लावली तर हे पास होतं आणि संबळवाली रील नापास.

तर मित्राशी परत भांडायला बसाल तेव्हा त्याला 'फॉर फ्री?' लावू देऊ नका, तिथे तुम्ही फेलोशिप काढाल आणि वाद फुकट जाईल. 'यू' आणि 'मॉर्टल मॅन'चा शेवट लावा, मधे काही नको. आणि तुम्ही ट्राइबचं नाव काढण्याआधी एकदा ती बारा मिनिटं सलग ऐका, फोन खाली ठेवून. त्यानंतरही तुम्हाला नुसतं जॅझवर रॅपच वाटलं तर लिहा, मग आपण 'डीएस टू'वर बोलू, त्यावर माझी मतं अजून जास्त वाईट आहेत.